क्रियापदं म्हणून घेणारा

दहावीला इंग्रजी राहिलं. बाकी सगळे विषय पहिल्याच झटक्यात सुटले, इंग्रजी तेवढं दोनदा राहिलं. पहिल्या वेळी एकवीस मार्क आणि दुसऱ्या वेळी, अभ्यास करून, एकोणीस. दुसरा निकाल लागला त्या उन्हाळ्यात माझं लग्न लावून दिलं. मुलगी इंग्रजीत बसत नाही, निदान संसारात तरी बसेल, असा सगळ्यांचा हिशोब असावा. मी भांडले, पण आमच्या घरात माझ्या भांडण्याला कोणी विचारत नसे.

अमळनेर तालुक्यातून निघून मी सुरतेला आले ती बमरोलीत. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. एक खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत. नवरा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कारीगर. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत आणि मी ती अजून मोडलेली नाही, त्यामुळे ह्या लिखाणात ते म्हणजे नुसते 'ते'. सासू-सासरे गावाकडे. म्हणजे सासुरवास असा काही नव्हताच. मैत्रिणींनी मला नशीबवान ठरवलं होतं. त्यातली एकही सुरतेला राहून गेलेली नव्हती.

बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. दिवसपाळीला सकाळी सातला जायचे, संध्याकाळी सातनंतर यायचे, हातपाय धुवायचे, जेवायचे आणि भिंतीला पाठ लावून बसायचे. रात्रपाळीला ते दिवसभर झोपायचे आणि मी पाय न वाजवता खोलीत फिरायची. बोलणं म्हणजे मीठ, पाणी आणि झोप, एवढंच. मी काही विचारलं तर कधी उत्तर यायचं, कधी यायचं नाही. सुरुवातीला वाटलं, नवीन आहे, लाजत असतील. मग वाटलं, मी आवडले नाही. दीड वर्षात ही दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. गल्लीत ओडिया बोलणारे होते, भोजपुरी बोलणारे होते, दुकानदार गुजरातीत बोलायचा, आणि सगळ्यांच्या वर चोवीस तास लूमचा खडखडाट. एवढ्या आवाजात मी एकटी होते. कधीकधी भाजी निवडताना मी भाजीशी बोलायची, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

त्याच सुमारास मोठ्या भावाचं पत्र आलं. गावात बालवाडी निघणार, गावचीच दहावी पास बाई हवी, तू ऑक्टोबरला इंग्रजी काढ, बाकीचं मी बघतो, फॉर्म मी भरतो. त्याने ते सहज लिहिलं असेल. मी ते पत्र पीठाच्या डब्याखाली ठेवलं आणि दिवसातून दोनदा काढून वाचू लागले. माहेरी परत जायला बाईला कारण लागतं. मारतो, पितो, टाकलं, यातलं काहीतरी लागतं. 'बोलत नाही' हे कारण चावडीवर कोणी ऐकून घेतलं नसतं. पण नोकरी लागली हे कारण चाललं असतं. मी ठरवलं. परीक्षेला जायचं, पास व्हायचं आणि सुरतेला परत यायचं नाही. इंग्रजी सुटलं तर मी सुटले, इतकं ते सरळ होतं.

आता अभ्यासाला पुस्तक हवं. जुनी पुस्तकं गावी राहिली होती. उधन्याला जाताना एक रद्दीवाला लागायचा, त्याच्याकडे इंग्रजी व्याकरणाचं एक पुस्तक मिळालं, मागची पानं उंदराने खाल्लेली. घरी येऊन उघडलं तर आतलं सगळं समजावणं गुजरातीत. डोक्यावरची रेघ काढून टाकलेली ती अक्षरं बघून मला रडूच आलं. पण मी हट्टी आहे. दुकानांच्या पाट्यांवरून अर्धी अक्षरं येत होती, उरलेली समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या जिजीच्या शाळकरी नातीकडून घेतली. आणि मग एका पानावर क्रियापद हा शब्द सापडला. क्रियापद. जसाच्या तसा. त्याखाली सकर्मक, अकर्मक, सहायक. सुरतेत आल्यापासून पहिल्याच वाचनात समजलेली ती पहिली गोष्ट.

शाळेत आम्हाला क्रियापदं शिकवली होती ती छडीने. गो वेंट गॉन, ईट एट ईटन, पोपटासारखं म्हणायचं आणि हात पुढे करायचा. ते काय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. इथे मला वेळच वेळ होता. वही घेतली, चार रकाने आखले आणि माझ्या दिवसातली कामं त्यात घालू लागले. करण्याची क्रियापदं एका रकान्यात. स्वीप, वॉश, फिल, कुक. हा रकाना लगेच भरला. दुसरा नुसतं असण्याच्या क्रियापदांचा. ॲम, इज, आर. त्यात काहीच घडत नाही. मी आहे. खोली आहे. भिंत आहे. मग सकर्मक, म्हणजे ज्यांना पुढे कोणीतरी लागतं. नुसतं 'मी बघते' म्हणून भागत नाही, काय बघते, कोणाला बघते, ते सांगावं लागतं. आणि अकर्मक, ज्यांना कोणीच लागत नाही. स्लीप, वेक, सिट, वीप, वेट. हा रकाना भरताना माझ्या लक्षात आलं की मी दिवसभर करते ती बहुतेक ह्याच रकान्यातली. पुस्तकात लिहिलं होतं की काही क्रियापदं दोन्हीकडे चालतात. त्यावर मी पेन्सिलीने लिहिलं होतं, भाग्यवान आहेत, मी एकीकडेही चालत नाही. असा माझा स्वभाव.

सहायक क्रियापदं मला सगळ्यात आवडली. कॅन, मे, मस्ट, शॅल. एकटी काही कामाची नाहीत, पण मुख्य क्रियापदाच्या पुढे उभी राहिली की त्याचं मन कळतं. करू शकते, करेन, करायलाच हवं. शॅलचा सराव म्हणून मी वहीत लिहिलं, आय शॅल गो. आय शॅल नॉट कम बॅक. बमरोलीत ते कोणाला वाचता येणार नव्हतं. उघड्या वहीत उघड लिहिलेलं ते माझं पहिलं गुपित.

समजलं तरी पाठ व्हायला हवं होतं, आणि पाठ व्हायला समोर कोणीतरी म्हणून घेणारं हवं. अनियमित क्रियापदांची तीन-तीन रूपं, शंभराच्या वर. भिंतीला म्हणून दाखवून कंटाळले. एका रात्रपाळीच्या आठवड्यात, दुपारी साडेचार-पाचला ते उठून चहा पीत बसले होते, तेव्हा मी वही त्यांच्यासमोर टाकली आणि म्हटलं, नुसते बसता तर एवढं धरा. ते चौथी शिकलेले. इंग्रजी अक्षर ओळखीचं नव्हतं, म्हणून मी सगळी रूपं मराठी अक्षरांत लिहून काढली होती. त्यांनी कप खाली ठेवला, हात लुंगीला पुसला आणि वही हातात घेतली. मला वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत.

तेव्हापासून तो नेमच झाला. दिवसपाळीला जेवणाआधी, रात्रपाळीला चहाच्या वेळी. खिडकीजवळ ते, समोर मी, मधे वही. मी म्हणायची, बिगिन बिगॅन बिगन. ते म्हणायचे, "बरोबर. पुढे." ब्रेक ब्रोक ब्रोकन. "बरोबर. पुढे." आवाजात काही नाही, राग नाही, कौतुक नाही. क्वचित कधी म्हणायचे, "परत म्हण." मी परत म्हणायची आणि मनात म्हणायची, लक्ष नाही ह्या माणसाचं. दीड वर्षात जेवढे शब्द ते माझ्याशी बोलले नव्हते तेवढे त्या दोन महिन्यांत बोलले, आणि ते सगळे मिळून होते चारच.

एका दुपारी मी 'लीव्ह'पाशी आले. लीव्ह लेफ्ट लेफ्ट. "बरोबर. पुढे." पुढचं क्रियापद लेंड होतं. ते माझ्या तोंडातून निघेना. लीव्ह म्हणजे सोडून जाणं. हा माणूस समोर बसून मला सोडून जायला शिकवतोय आणि त्याला पत्ताही नाही, हे एकदम माझ्या अंगावर आलं. मला दया आली म्हणावं तर तसं नाही. राग आला. इतकी मी समोर असून नसल्यासारखी आहे का, ते तरी बघू. आवाज तोच ठेवला, क्रियापदं म्हणायचा तो एकसुरी आवाज, आणि आमच्या अहिराणीत म्हटलं,

"माले आठे करमत नही. मी परीक्षाले जासू नि परत येवाव नही."

त्यांनी वहीवरून माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"बरोबर," ते म्हणाले. "पुढे."

मी पुढे म्हटलं. लेंड लेंट लेंट. काय करणार? उरलेली यादी संपवली, वही घेतली, चहाचे कप विसळले. ते कामावर गेल्यावर मी भिंतीला टेकून रडले, आणि रडत असताना मला आठवलं की वीप अकर्मक आहे. त्याला कोणी लागत नाही. ह्या आठवणीचा मला इतका संताप आला की रडणंच थांबलं.

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. वही पुढे केली नाही. त्यांनी मागितली नाही. आठव्या दिवशी नळावर मी त्यांना पाठीमागून हाक मारून सांगत होते, भरलेली बादली तेवढी उचला, एकदा, दोनदा, तीनदा. ते आपले सरळ चालत खोलीकडे. मी बादली आपटली. समोरच्या दारात जिजी बसली होती. साक्री तालुक्यातली, वीस वर्षं सुरतेत काढलेली, गल्लीतल्या आम्हा सगळ्या खान्देशी बायकांची वडीलधारी. ती दात काढून हसायला लागली.

"आवं पोरी, लूमवालाना पाठशी काय बोलस? तोंडम्होरे उभी राह्य नि मंग बोल."

मग तिने मला शेजारी बसवून सांगितलं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं कोणाला वाटत नव्हतं. दहा-बारा वर्षं लूमवर काढली की कान जातात. सगळ्यांचे जातात. माझे यजमान तर चौदाव्या वर्षी लूमवर लागलेले. तिचा म्हातारा शेवटी ढगांचा गडगडाटही ऐकत नव्हता म्हणे. लग्न जमवताना कोणी असं बोलत नाही, आणि नंतर बोलायचं काय. तू दीड वर्ष काय करत होतीस, असं तिने मला विचारलं. मी दीड वर्ष रुसले होते.

म्हणजे त्यांनी ऐकलंच नव्हतं. 'बरोबर' हा दगडासारखा शब्द त्यांनी माझ्या दुःखावर टाकला नव्हता, कुठल्यातरी क्रियापदावर टाकला होता. नुसते मान डोलवत बसत होते तर बिचारे, बायकोचा मान राखायला. मी सुटल्यासारखी झाले. आणि संध्याकाळी भाकरी थापताना दुसरंच काहीतरी वर आलं. ह्या घरात मी जे बोलले त्यातलं काहीच कोणापर्यंत गेलेलं नाही. सुरुवातीला मी त्यांना माझ्या गावच्या नदीचं सांगितलं होतं, आजीच्या मरणाचं सांगितलं होतं, चुलीकडे तोंड करून. ते सगळं त्या चुलीत गेलं. आवडले नाही म्हणून बोलत नाहीत, यात निदान मी कोणीतरी होते.

तरी बेत बदलला नाही. बहिऱ्या माणसाजवळ आयुष्य काढायचं ह्या विचाराने उलट घट्टच झाला. वही परत सुरू केली, कारण पाठ तर व्हायलाच हवं होतं. बरोबर, पुढे. बरोबर, पुढे. आता मला त्याचं काही वाटेनासं झालं. भाऊ घ्यायला येऊ शकत नव्हता, मी एकटीच पॅसेंजरने जाणार होते. पेटी भरली. लग्नातल्या दोन्ही साड्या तळाशी घातल्या. परीक्षेला आठ दिवस जाणाऱ्या बाईला त्या लागत नाहीत.

निघायच्या दोन दिवस आधी ते दिवसपाळीला जाताना डबा विसरले. एरवी मी कोणाच्या तरी हाती पाठवला असता, पण त्या दिवशी गल्लीत कोणी मिळेना. दुपारी मी स्वतः खात्यावर गेले. लूमच्या कारखान्याला तिथे खातं म्हणतात. आजवर मी ते बाहेरूनच ऐकलं होतं. दारात पाय ठेवला आणि आवाज कानांत न येता तळपायांतून वर आला. फरशी थरथरत होती. ओळीने लूम, पिवळे बल्ब, तेलाचा वास, आणि मधल्या बोळांतून फिरणारे कारीगर. मी तोंड उघडून दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या मास्तरला, म्हणजे तिथल्या मुकादमाला, काही विचारलं, तर माझा आवाज मलाच आला नाही.

मग मला ते दिसले. पार दुसऱ्या टोकाला, पन्नासएक पावलांवर. आणि ते बोलत होते. तीन ओळी पलीकडच्या एका माणसाशी, लूमवरून हात न काढता, तोंडाने, भुवयांनी, मधेच दोन बोटांनी. तो माणूस पोट धरून हसला. त्याने काही उलट म्हटलं, ह्यांनी त्याला सवाई उत्तर दिलं, मग डावीकडच्या एकाला ते सांगितलं, तोही हसला. आमच्या घरात भिंतीला टेकून बसणारा माणूस तिथे सगळ्या ओळीला खेळवत होता. त्यांचे दात मी लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितले नव्हते.

मास्तरने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडून सांगितलं,

"ये तो मुँह पढ़ता है, भाभी. सेठ काँच के पीछे क्या बोलता है, हमको यही बताता है."

कोपऱ्यात सेठची केबिन होती, काचेची. मी काचेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. हातातल्या डब्याकडे बोट करून तिथूनच काहीतरी विचारलं. मास्तर परत ओरडला, भाजी कसली विचारतोय. मी मोठ्याने सांगायचा प्रयत्नही केला नाही. ओठांतल्या ओठांत म्हटलं, "गिलकानी." घोसाळ्याची. पन्नास पावलांवरून त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या लूमवाल्याला आनंदाने सांगितलं, गिलकानी. ते मात्र मलाही वाचता आलं.

डबा मास्तरकडे दिला आणि मी निघाले. रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. पन्नास पावलांवरून गिलकं वाचणारा माणूस दोन हातांवर, खिडकीच्या उजेडात, माझ्या तोंडासमोर बसला होता. त्याने सगळं वाचलं होतं. लीव्ह लेफ्ट लेफ्ट वाचलं होतं, आणि त्याच्या पुढचंही. 'परत म्हण' कधी येत होतं तेही आता आठवू लागलं. ब्रिंगचं ब्रँग म्हटलं होतं तेव्हा, टीचचं विसरले होते तेव्हा. जिथे जिथे चुकले तिथेच. त्यांनी मला एकदाही उगीच 'बरोबर' म्हटलेलं नव्हतं. मग 'मी परत येणार नाही' याला बरोबर का म्हटलं?

दोन दिवस मी हे विचारलं नाही. विचारायला तोंडासमोर जायचं होतं आणि माझी ती हिंमत नव्हती. मी गेले की सुटका होणार असेल त्यांची, असंही वाटलं. रागही आला. अडवायचं होतं, ओरडायचं होतं, निदान वही फेकायची होती. त्यांनी शेवटच्या दिवशीसुद्धा वही हातात घेतली आणि सगळी क्रियापदं पहिल्यापासून म्हणून घेतली. मी एकदाही चुकले नाही.

उधन्याला गाडीत त्यांनीच बसवलं. पेटी बाकाखाली सरकवली, पाण्याची बाटली हातात दिली आणि खाली उतरून खिडकीच्या गजांपाशी उभे राहिले. फलाटावर ही गर्दी. नंदुरबार, दोंडाईचा करत जाणारे आमच्याकडचेच लोक, पोरं, बोचकी, चहावाले, इंजिनाचा आवाज. कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. मला एकदम वाटलं, बोलायचं तर इथेच. मी गजाला तोंड लावलं नाही, उलट मागे सरकले, त्यांना तोंड नीट दिसेल अशी. आवाज न काढता म्हटलं,

"तुमले त्या दिवशी समजनं व्हतं ना?"

त्यांनी मान हलवली. हो.

"मंग बरोबर का म्हननात?"

मग ते बोलले, आवाज न काढता, हळूहळू, एकेक शब्द ओठांवर ठेवून, नवख्या कारीगराशी बोलावं तसं. मी चुकू नये म्हणून दोनदा बोलले.

"माले बी करमत नही."

गाडी हलली. ते चालत आले नाहीत, तिथेच उभे राहिले. मला पहिल्यांदाच कोणाच्या ओठांवरचं एक आख्खं वाक्य वाचता आलं होतं.

माहेरी घर भरलेलं होतं. भाऊ, भावजया, त्यांची मुलं, आई, येणारे-जाणारे. ज्या बोलण्यासाठी मी जीव टाकत होते ते सकाळपासून सुरू व्हायचं. मी पण बोलले, भडाभडा बोलले, सुरतेचं सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत हो हो म्हणत होती. भावजय पोराचं नाक पुसत ऐकत होती. भाऊ माझं वाक्य अर्ध्यात असताना दुसऱ्याला हाक मारून बाहेर गेला. कोणी वाईट नव्हतं. असंच असतं घरात, मीही तशीच ऐकत आले होते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी बोलता बोलता थांबले आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा मला कळलं की इथे माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत डोळे न हलवता माझ्याकडे बघणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याला करमत नव्हतं.

पेपर बरा गेला. क्रियापदांचा प्रश्न दहा मार्कांचा होता, तो लिहिताना प्रत्येक उत्तरानंतर डोक्यात 'बरोबर, पुढे' ऐकू येत होतं. पेपर झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पेटी बांधली. भाऊ चिडला. निकालापर्यंत थांब, बालवाडीचं नक्की होतंय, असं त्याने बजावलं. तो चुकत नव्हता. मी त्याला कारण सांगू शकले नाही, कारण तेही चावडीवर चालणारं नव्हतं.

गाडी उधन्याला दुपारी लागली. ते दिवसपाळीला असणार होते. खोलीवर न जाता पेटी घेऊन सरळ खात्याच्या दारात जाऊन उभी राहिले. मास्तरने ह्यांच्याकडे हात केला. त्यांनी मान वर केली, मला बघितलं, पेटी बघितली, आणि हाताखालचा एक लूम बंद केला. एवढ्या आवाजात एका लूमच्या बंद होण्याने काहीच फरक पडला नाही. मी म्हटलं, "उनू." आले, एवढंच. मग त्यांनी डोळे पुसले, तेलाच्या हाताने, त्यामुळे कपाळापर्यंत काळं झालं.

इंग्रजीत बेचाळीस मार्क मिळाले. गावची बालवाडी दुसऱ्या बाईला गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी मला बमरोलीतच एका मराठी बालवाडीत काम मिळालं, ते मी अजून करते. त्या खोलीत करमायला मात्र आम्हा दोघांनाही कधी लागलं नाही. सुरतेचा एकटेपणा शेवटपर्यंत होता, फक्त एकाचे दोन झाले होते, आणि दोघांना एकमेकांचा माहीत होता. रोज दुपारी किंवा संध्याकाळी, पाळीप्रमाणे, खिडकीपाशी समोरासमोर बसायचो. वही नव्हती. नंतर नंतर मीही आवाज काढणं सोडलं. गल्लीला वाटायचं, ह्या घरात कोणी बोलतच नाही.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मुलं फोन करतात, चांगली आहेत. फोनवर मी बोलते आणि ती तिकडे काहीतरी दुसरं करत असतात, ते मला ऐकू येतं.

पाच वाजले की मी अजून खिडकीपाशी बसते. समोरची भिंत तशीच आहे. दिवसभरातलं सांगायचं ते सांगून टाकते, आवाज न काढता, ओठ नीट हलवून, घाई न करता. समोरच्या दारात आता जिजीची नातसून असते. ती परवा दुसरीला सांगत होती, ही बाई रोज संध्याकाळी जप करते. उघड्या दारातून, गल्लीपलीकडच्या तिच्या तोंडावरून मला ते वाचता आलं.